फिदेन्सिओची ताशी छत्तीस

दर रविवारी, पोसोलेचा, म्हणजे मक्याच्या दाण्यांच्या रश्श्याचा, दुसरा वाडगा भरला की रुतिलिओ हमखास तोच प्रश्न काढायचा.

“दाजी, तुमची मेट्रो एवढी रांगते का हो?”

रुतिलिओ हा फिदेन्सिओ ओल्मेदोचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ. तो स्वतः मिनीबस चालवायचा आणि रोज दोन सिग्नल तोडल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. फिदेन्सिओ सव्वीस वर्षं मेक्सिको सिटीत मेट्रोचा ड्रायव्हर. हा प्रश्न आला की त्याच्या कपाळाची शीर उठायची, हातातला चमचा खाली जायचा आणि मग पोसोले गार होईपर्यंत त्याचं व्याख्यान चालायचं.

“ऐंशीनं पळू शकते ती. पण पळणार कुठं? किलोमीटरभरावर पुढचं स्टेशन. वेग घेते न घेते तोच ब्रेक. मग दारं उघडा, लोकं उतरू देत, चढू देत, मग कुणाची तरी पिशवी दारात अडकणार. हे सगळं धरून ताशी छत्तीस पडते. नीट ऐक, थांबे धरून. तुझ्या डबड्याची काढ एकदा. बाराच्या वर गेली तर मिशी उतरवीन.”

“माझ्या डबड्यातून माणूस सांगेल तिथं उतरतो,” रुतिलिओ लिंबू पिळत म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

सव्वीस वर्षांत उत्तर बदललं नव्हतं आणि ते एकाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. दाढ काढताना दंतवैद्यानं विचारलं, तेव्हा तोंडात कापूस असल्यामुळे फिदेन्सिओला बोलताही आलं नाही. शेजारची बाई तर त्याला रस्त्यात गाठून असं विचारायची की जणू तोच मुद्दाम ब्रेकवर पाय ठेवून बसतो. लोकांना वेग आणि सरासरी यांतला फरक कळत नाही, याचा त्याला मनापासून वैताग होता.

त्या छत्तीसच्या आकड्यावर त्याचं घर चालायचं. कुणी कुठं निघालं की तो विचारायचा, किती किलोमीटर? जेवढे किलोमीटर, त्यात त्याचे दोन तृतीयांश मिळवायचे, की मिनिटं आली. अठरा किलोमीटर म्हणजे अठरा अधिक बारा, तीस मिनिटं. त्याआधी निघायचं तो नाव घेत नसे. त्याची बायको अम्पारो लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच या गणिताला विटली होती.

आता हाच माणूस घरच्या प्रत्येक कार्याला उशिरा पोचायचा. यारेलीच्या, म्हणजे एकुलत्या एक मुलीच्या बाप्तिस्म्याला पोचला तेव्हा पोरगी न्हाऊन, रडून, झोपली होती. सहावीच्या निरोप समारंभाला पोचला तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता. दर वेळी कारण असायचं आणि दर वेळी ते खरं असायचं: बदलीचा माणूस आला नाही, रुळावर कुणाची चप्पल पडली, पाऊस लागला. पाऊस लागला की उघड्या मार्गावरच्या गाड्या हळूच चालवाव्या लागतात, त्याला तो तरी काय करणार?

पण पंधराव्या वाढदिवसाचं मात्र त्याला स्वतःलाच झोंबलं होतं. आमच्याकडे मुलगी पंधराची झाली की पहिला वॉल्ट्झ बापाबरोबर नाचते. सहाला ड्यूटी संपली, चौदा किलोमीटर, तेवीस मिनिटं, असा हिशोब करून तो निघाला. पाऊस लागला. तो दारात पोचला तेव्हा केक कापून झाला होता, आणि वॉल्ट्झ रुतिलिओ नाचला होता. तो फोटो पुढच्या खोलीत टांगलेला आहे. गुलाबी झग्यातली यारेली आणि तिच्या कमरेवर हात ठेवून तो मिनीबसवाला.

म्हणून यारेलीचं लग्न ठरलं तेव्हा फिदेन्सिओ आपण होऊन तिच्याकडे गेला. ती भांडी घासत होती.

“नोंदणी कार्यालयात साक्षीदार म्हणून सही मी करणार,” तो म्हणाला. “वॉल्ट्झ गेला, सही जाणार नाही. शब्द देतो.”

यारेलीनं एक ताट विसळून बाजूला ठेवलं. “बरं, पप्पा,” ती म्हणाली.

लग्न दुपारी एकचं. सकाळी अकरालाच रुतिलिओनं मिनीबस दारात आणून उभी केली. नवरीसकट सगळी माणसं आत चढली.

“चला दाजी. हवा बघा कशी भरून आलीय.”

“तुझ्या डबड्यात बसून माझ्या मुलीच्या लग्नाला जाऊ? अठरा किलोमीटर, तीस मिनिटं. बाराला निघतो, अर्धा तास हातात ठेवून. तू पोच आधी.”

यारेली खिडकीतून बापाकडे बघत राहिली. अम्पारो नवऱ्याबरोबर मागं राहिली. एकटा सोडला तर हा संध्याकाळी पोचेल, असं तिचं मत होतं.

बारा पाचला ते निघाले आणि स्टेशनपर्यंत जाण्यातच तेरा मिनिटं गेली. अम्पारोच्या पायांत उंच टाचांचे नवे बूट होते. फलाटावर शनिवारची गर्दी. पहिली गाडी भरून गेली, दुसरीही. फिदेन्सिओ घड्याळाकडे असा बघत होता, जणू घड्याळानंच त्याला फसवलंय. सव्वीस वर्षांत तो प्रवासी म्हणून फलाटावर उभाच राहिला नव्हता. कुठं जायचं तर ओळखीच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये शिरायचं आणि दार लावून घ्यायचं. पण आज बायको बरोबर होती, आणि केबिनमध्ये बायकोला कोण घेणार?

गाडी बदलायची वेळ आली तेव्हा समोर दोन मार्गांना जोडणारा, पायी तुडवायचा लांबच लांब बोगदा. ड्रायव्हर लोकांत त्याचा उल्लेख नुसता ‘जोड’ असा होतो, आणि फिदेन्सिओच्या डोक्यात त्याची लांबी शून्य होती.

“हे अंतर कधी धरलंस?” अम्पारोनं धापा टाकत विचारलं.

“हे मार्गात येत नाही.”

“मार्गात येत नाही. मग मी आत्ता कशावरून चालतेय, म्हाताऱ्या? तू आयुष्यभर गाडीचा हिशोब केलास. माणूस दारातून निघून दारात पोचतो, हे तुला कुणी सांगितलंच नाही का?”

तो चिडला. “जरा भरभर चाल,” म्हणाला. तिनं बूट काढून हातात घेतले आणि त्याच्या पुढं निघून गेली.

दुसरी गाडी बोगद्यातून बाहेर उघड्यावर आली आणि काचांवर थेंब वाजू लागले. गाडी हळू झाली. डब्यातला एक माणूस कुणालाच न उद्देशून म्हणाला, “बसलेत आत झोपा काढत.” फिदेन्सिओनं तोंड उघडलं. अम्पारोनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. त्यानं तोंड मिटलं.

ते कार्यालयात शिरले तेव्हा एक वाजून बारा मिनिटं झाली होती. कोट भिजून अंगाला चिकटला होता. पण आत आधीच्या जोडप्याचे फोटो अजून चालूच होते, आणि यारेली आपल्या नवरदेवाशेजारी नंबर लागायची वाट बघत उभी होती. फिदेन्सिओला हायसं वाटलं.

“बघ, पोचलो वेळेत.”

“लग्न लावणाऱ्या न्यायाधीशाला उशीर झालाय,” अम्पारो म्हणाली. “तू वेळेत आलेला नाहीस.”

नाव पुकारलं. फिदेन्सिओनं केसांतलं पाणी निपटलं, खिशातलं पेन काढलं आणि टेबलाशी जाऊन उभा राहिला. कारकून बाईनं कागद वाचायला घेतला. वराचं नाव, वधूचं नाव. मग साक्षीदार. वधूकडून रुतिलिओ बार्रिएंतोस.

“चुकलंय,” फिदेन्सिओ म्हणाला. “तिथं मी आहे.”

कारकून बाईनं कागद त्याच्याकडे फिरवला. साक्षीदारांची ओळखपत्रं दोन आठवडे आधीच द्यावी लागतात. तिथं रुतिलिओच्या ओळखपत्राची प्रत टाचलेली होती.

रुतिलिओचा चेहरा पडला होता. आज त्याला चेष्टा सुचली नाही. “दाजी, मी नको म्हणालो होतो,” तो पुटपुटला. “बाई, नाव बदलता येईल का?” बाईनं मान हलवली.

यारेली बापाजवळ आली. तिनं त्याचा ओला टाय सरळ केला.

“मला ‘बरं’ म्हणालीस तू,” तो म्हणाला.

“तुमचं मन मोडवेना. पण मी बाप्तिस्म्यापासून सगळं मांडलं, पप्पा. तुमच्या उशिराची सरासरी चाळीस मिनिटं येते. चाळीस मिनिटं कोण थांबणार इथं?”

“आज बाराच मिनिटं झाली.”

“हो. आज बाराच.” तिचे डोळे भरून आले. “पण मला दोन आठवडे आधी ठरवायचं होतं.”

त्याला भांडायचं होतं. पण त्या आकड्यात त्याला कुठं चूक सापडेना, आणि सव्वीस वर्षं ज्यांना वैतागला त्या सगळ्या लोकांपेक्षा आत्ता त्याला स्वतःचाच वैताग आला. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून तो मागं गेला आणि तिसऱ्या रांगेत अम्पारोशेजारी बसला. ती अजून बूट घालत होती.

रुतिलिओ सही करायला वाकला. शाळेत फारसा गेला नव्हता बिचारा, एकेक अक्षर कोरत होता. सगळं कार्यालय थांबलं होतं. फिदेन्सिओ टक लावून त्या पेनाकडे बघत राहिला, आणि मांडीवरच्या ओल्या पँटवर त्याचं बोट स्वतःचं नाव गिरवत होतं.