वानखडे सरांचा जोसेफ

रेडिओशी भांडणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे वानखडे सर. वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावच्या शाळेत ते इतिहास शिकवत, मी नागरिकशास्त्र. मधल्या सुट्टीत बातम्या लागत. 'या वृत्ताला अद्याप दुजोरा मिळालेला नाही' असं ऐकलं की वानखडे चहाची बशी खाली ठेवत. "मंग जाऊन पाह्य ना बाप्पा. बसून काहून राह्यला?" पोरं खिडकीत जमून ऐकत. माझ्या तासाला हीच पोरं जांभया देत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. त्याआधी कॉलेजात असताना नागपूरच्या वसतिगृहात आफ्रिकेतला जोसेफ त्यांच्या खोलीत राहिलेला. ठेचा खाऊन डोळे पुसायचा आणि पुन्हा मागायचा म्हणे. मायदेशी जाऊन तो सरकारविरुद्ध लिहू लागला. पुढे तिथे विरोधकांची धरपकड चालल्याची उडती बातमी आली आणि त्याची पत्रं थांबली. वानखड्यांना अन्न गोड लागेना. आपलं सरकार यावर काही बोलत का नाही, हेच ते विचारत.

मी समजावलं, परक्या देशाच्या कारभारात कोणतंही सरकार खात्रीवाचून बोलत नाही. त्यात चुकीचं काय होतं?

"कडब्याची गंजी पेटली म्हनून कोनी बोंबललं, त आपल्या गावात त्याले पुरावा मांगते काय सर? आपन बादली घेऊन पयतो. खोटं निघालं त बादलीभर पानी गेलं."

निवडणुकीच्या सभेला दिल्लीचे एक मंत्री आले, तेव्हा वानखडे भर सभेत उठले आणि त्यांनी जोसेफचं नाव घेऊन विचारलं. मंत्री म्हणाले, "आम्ही त्या सरकारकडे चौकशी केली. अशी अटक झालेली नाही."

"ज्यानं धरलं त्यालेच इचारलं काय साहेब?"

सभा हसली, मंत्रीही हसले आणि पुढच्या भाषणाला लागले. वानखडे मात्र बराच वेळ उभेच होते.

पोरांवरून मी त्यांच्यावर जळत होतोच. त्या दिवशी मी जोसेफवर जळलो. कुठल्या मुलखातल्या कोठडीत पडलेला तो, आणि त्याच्यासाठी मालेगावात एक माणूस हसं करून घेत होता. माझ्यासाठी माझा सख्खा भाऊ पोलीस ठाण्यापर्यंत आला असता की नाही, देव जाणे.

जोसेफचं पुढे काही कळलं नाही. वानखड्यांची कामरगावला बदली झाली. एसटी स्टँडवर निरोप देताना मी विचारलंच, "वानखडे, उद्या मला असं उचलून नेलं, तर उठाल सभेत?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उठीन ना, काहून नाई उठनार? पन सर, तुमाले कोन धरीन? धरासारखं तुमी कधी काई बोललेच नाई."

इतक्या मायेनं म्हणाले, की मला रागही धरता आला नाही.