सावडीच्या दिवशीची अंगणवाडी

आमच्या अंगणवाडीत माझा एक नियम होता आणि तो फक्त माझ्याच मुलीसाठी होता. दाराच्या आत पाऊल टाकलं की मला आई म्हणायचं नाही. बाकीची पोरं म्हणतात तसं टीचर म्हणायचं.

लोकांना ते विचित्र वाटायचं. माझा नवरा गोव्याच्या लाईनवर ट्रक चालवतो. तो हसायचा, "मग मला काय म्हणायचं तिनं, ड्रायवर?" पण मी तो नियम हौसेनं केला नव्हता. तीन-चार वर्षांची पोरं, त्यांच्या आया सकाळी त्यांना सोडून शेतात नाहीतर रानात कामाला गेलेल्या. अशात एकटीच पोरगी "आई, आई" करत माझ्या पदराला लागली की बाकीच्यांचे चेहरे उतरतात. मग एक रडायला लागतं आणि त्याच्यामागून सगळी सूर धरतात. पहिल्याच आठवड्यात मला हे दिसलं. नियम चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

आमचं गाव कर्नाटकात, रामनगरपासून बरंच आत, रानात. अंगणवाडीची खोली गावाच्या कडेला आणि खोलीमागे ओढा. मदतनीस बाई वयाप्रमाणे निवृत्त झाल्या, त्यांच्या जागेवर कोणी आलंच नाही. विचारलं की येईल, येईल. तोवर झाडलोट मी, पाणी मी, भात-सांबार मी, अंडी सोलायला मी आणि कन्नडमधली गाणी शिकवायलाही मीच. पोरं घरी मराठी बोलणारी, त्यामुळे गाणं आधी समजावून सांगायचं आणि मग म्हणून घ्यायचं. वर मोबाईलवर सगळ्यांचे फोटो चढवायचे, तेही मागच्या फणसाखाली जाऊन, कारण नेटवर्क तिथंच मिळतं. कागदोपत्री आम्ही नोकरदार नव्हे, सेवा करणाऱ्या. आणि सेवा करणारीला रजा कसली?

आमच्याकडे भाताची लावण सावडीनं होते. आज तुझ्या शेतात सगळ्यांनी, उद्या माझ्या. मजूर लावायची ऐपत कुणालाच नसते, म्हणून सावड. ज्या दिवशी लांबच्या शेताची पाळी असते, त्या दिवशी गाव अगदी रिकामं होतं. आया अंगणवाडी उघडायच्या आधीच पोरं आणून सोडतात आणि त्या दिवसांत घरी न्यायला संध्याकाळच्या आत कोणी येत नाही.

तो दिवस तसाच होता. मुलीचं अंग सकाळीच कोमट लागत होतं. तिला तापात आकडी येते. आदल्या वर्षी एकदा माझ्या मांडीवरच तिचे डोळे फिरले होते. पण घरी तिला बघायला कोणी नव्हतं. सासूबाई खानापूरला मोठ्या दिरांकडे, नवरा गाडीवर. तापाचं औषध पाजलं आणि घेऊन आले.

जेवणं होईपर्यंत ती तापून लाल झाली. भिंतीकडेला चटईवर तिला निजवलं, कपाळावर ओला फडका ठेवला. इकडे एकाला शी झालेली, दोघं खेळण्यावरून भांडत होते, कोपऱ्यात एक भातावरच झोपलं होतं. मी मधेच तिच्याकडे जायची, फडका बदलायची, परत उठायची. ती डोळे न उघडताच म्हणाली, "टीचर, पाणी."

पोरांना मागच्या दारातून दिसत राहीन अशी फणसाखाली उभी राहून मी सुपरवायझर बाईंना फोन लावला. त्या बाजारकुणंगच्या बाजूला दुसऱ्या अंगणवाडीत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "स्वल्प अडजस्ट माडी." जरा सांभाळून घ्या. त्यांचाही दोष म्हणता येणार नाही, त्यांच्या एकटीच्या गळ्यात केवढा तरी मुलूख बांधलेला. पण राग आला. इतका आला की फोन ओढ्यात भिरकावून द्यावासा वाटला. सांभाळायचं ते काय काय?

गावात मागे राहिलेली माणसं म्हणजे डोळ्यांनी अधू एक म्हातारा आणि एक ओली बाळंतीण. त्यांच्या जिवावर एवढी पोरं सोडायची कशी? ओढा भरून वाहत होता. रामनगरची दुपारची बस आली. कंडक्टर ओळखीचा. त्यानं मला दारात मुलीला खांद्यावर घेऊन उभी बघितलं आणि बेल न मारता थांबला. मी मागे वळून बघितलं. सगळी पोरं माझ्याकडेच बघत होती. मी हातानं खुणावलं, जावा. बस गेली.

ती गेल्यावर मी पहिल्यांदा पोरांसमोर रडले. त्यांच्याकडे पाठ करून रडले, पण त्यांना कळलंच असणार.

थोड्या वेळानं एक बाई चहाची किटली न्यायला शेतातून घरी आली. त्या दिवशीची सावड तिच्याच शेतात होती. आमच्या दारावरून जाताना तिची नजर आत गेली. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर पावसाचं इरलं, तशीच आत आली आणि मुलीच्या गळ्याला हात लावला.

"आगं बया! टीचर, तुमी अजून हितंच? जावा आधी."

"पोरं हायत," मी म्हणाले.

"पोरं मी बघतो. जावा म्हणतोय न्हवं!"

"आणि तुमची लावण?"

"लावण व्हतीया तिकडं. माझ्या दोन हातांनी काय अडत न्हाई."

अडत होतं. सावडीच्या दिवशी शेताची मालकीण बांधावर नसली की सगळं कसं विस्कटतं हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. तिनं किटली कोपऱ्यात ठेवली, पाय धुतले आणि रडणाऱ्या एकाला उचलून कडेवर घेतलं. मी तिचे आभारही मानले नाहीत. तेवढं सुचलंच नाही.

रस्त्यावर एक रिकामा टेंपो मिळाला. सगळ्या वाटेवर मी मुलीशी बोलत होते, तिनं डोळे मिटू नयेत म्हणून काहीबाही विचारत होते. ती मान हलवायची, बोलायची नाही. खड्ड्यातून गाडी गेली की तिचं डोकं माझ्या हनुवटीवर आपटायचं.

रामनगरच्या दवाखान्यात नर्सनं तिला टेबलावर झोपवलं. सुई काढली. एरवी सुई दिसली की घर डोक्यावर घेणारी पोर, ओठ घट्ट मिटून पडून राहिली. सुई टोचली तरी आवाज नाही. मला वाटलं, आता आकडी येणार. मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. ती त्या खोलीत इकडं तिकडं बघत होती. बाकावर बसलेली माणसं बघितली, दार बघितलं आणि मग मला जवळ ओढून कानात विचारलं,

"हितं आई म्हटलं तर चालतंय?"

"व्हय गं बाई, म्हण," मी म्हणाले.

तेव्हा कुठं ती रडली.