फोटोतलं कमळ माझ्या हातचं आहे

माझी मोठी जाऊ आज सकाळी वारली.

अन् दुपार व्हायच्या आत तिनं माझं कार्ड पुन्हा एकदा चोरलं.

फॅमिली ग्रुपवर पुतण्यानं फोटो टाकला. "आईच्या हातचं दिवाळीचं ग्रीटिंग. वणीच्या घरी आईनं स्वतः बनवलेलं." खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग.

मी पण हात जोडले. मंग चष्मा लावला.

बाप्पा! ते त माझं कार्ड!

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलून राह्यली. ज्याले वाचायचं नसन त्यानं पुढं सरकावं.

एकसष्ट-बासष्टचा काळ. मी नवी नवरी, वणीले आलेली. दिवाळीचे ग्रीटिंग मी घरीच केले. भेंडी आडवी कापली का पाच पाकळ्यांचा ठसा तयारच असते. केशरी रंग होळीच्या वाळवलेल्या पळसफुलांचा, निळा कपड्याच्या निळीचा.

आत पतंगाच्या कागदाचं कमळ. घडी अशी घातली होती का कार्ड उघडलं का कमळ उभं राहे. चिकटवायले बाभळीचा डिंक.

आमचे सासरे, मामाजी, पोरींच्या शाळेच्या कमिटीत होते. शाळेले ड्रॉइंगची मास्तरीण पाहिजे होती. त्यांनी कार्ड उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"कोनं केलं हे?"

मी पदर सावरून उभी. नव्या सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, हा घरचा रिवाज.

जाऊबाईनं उघडलं.

"मीच केलं मामाजी. फावल्या वेळात."

मामाजी खूश. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाले हेडमास्तरीणबाई अन् कमिटीच्या बाया येतीन. त्यायले असेच कार्ड दे. पसंत पडले त मास्तरीण तूच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅट्रिक मी. चित्रं काढणारी मी. मास्तरीण व्हायचं हे माहेरातून मनात घेऊन आलती ती मी. अन् हिले साधी रांगोळी सरळ जमत नव्हती!

नवऱ्याले सांगतलं. "जाऊ दे नं, मोठी आहे ती," म्हणे.

जाऊ दे!

दुसऱ्या दिवशी जाऊबाई माझ्या खोलीत. "तुले जमते त करून दे वो. घरातल्या घरात काय तुझं अन् माझं?"

"हो बाई. देते करून."

माझं तोंड त बंद होतं. मंग मामाजीले खरं सांगायचं कोणाच्या तोंडून? तिच्याच. मी तवाच ठरवलं.

कार्डं मन लावून केले. गाजर कोरून तिळाच्या फुलाचा ठसा केला. कमळाच्या जागी पतंग उभा केला. तसे कार्डं पुन्हा मले आयुष्यात जमले नाही.

फक्त डिंक नाही वापरला.

गुळाचा पाक वापरला. चांगला घट्ट. संक्रांतीचं घर, सारीकडं तिळगुळाचाच वास, कोणाले काय समजते!

कोणी मले त्या कार्डांसोबत पाहू नये म्हणून तिनं ते आपल्या पेटीत ठेवले. वरतून कुलूप. आता मुंग्यायले कुलूप कायचं?

हळदीकुंकवाले ओसरी बायांनी भरली. मामाजी आत बैठकीत. जाऊबाई काळी चंद्रकळा नेसून पाकिटं वाटून राह्यली. "तिळगुळ घ्या, गोड बोला."

हेडमास्तरीणबाईंनी पहिलं उघडलं. पतंग उभा राह्यला. त्याच्या मागून लाल मुंग्या निघाल्या. बोटावर, मनगटावर, पोलक्याच्या बाहीत.

"अगं माय वो!"

मंग दुसरी किंचाळली. मंग तिसरी. सारी ओसरी पदर झटकून राह्यली. हळदीकुंकवाचं तबक पालथं झालं.

"कोनं केले हे कार्ड?" हेडमास्तरीणबाई कडाडल्या.

जाऊबाईनं माझ्याकडं बोट केलं.

"हिनं! मी हातबी नाही लावला वो! सारे हिनंच केले!"

बैठकीतून मामाजीचा आवाज आला.

"अन् दिवाळीचे?"

जाऊबाईनं बोट खाली घेतलं.

"मोठ्या सूनबाई, दिवाळीचे कोनं केलते?"

ती माझ्याकडं पाहून राह्यली. डोळ्यात पाणी. मी सांभाळून घेईन असं वाटलं असन तिले.

मी पदर सावरला. नव्या सुनेनं बोलायचं नसते नं!

हेडमास्तरीणबाई हाताले खोबरेल चोळत म्हणाल्या, "चावल्या लय. पण पतंग झकास आहे." उन्हाळ्यानंतर मी शाळेत रुजू झाली, ते रिटायर होईपर्यंत.

जाऊबाईनं कधी माफी मागतली नाही. उलट गावभर सांगे, "मीच शिकवलं तिले." मीबी माफ केलं नाही. दर संक्रांतीले माझ्या हातचं एक कार्ड तिले चारचौघात देई. ती पाकीट आधी हालवून पाहे, कानाशी धरे, मंगच उघडे. रिटायर होऊन यवतमाळले राहाले गेली, तरी तेवढं पाहायले मी वणीले जात होती. लय समाधान वाटे, खोटं कायले बोलू?

दिवाळीचं ते कार्ड तिनं एवढे वर्षं जपून काहून ठेवलं, ते मले नाही माहीत. चोरीचा माल म्हणूनच ठेवलं असन. दुसरं काही असन त मले ऐकायचं नाही.

पुतण्या, बेटा, फोटोखालचं नाव बदल. मी येऊन पाहणार आहे.

संध्याकाळी नेणार आहेत तिले. मी गाडीत बसली आहे, वणीच्या रस्त्याले. पर्समध्ये एक पाकीट आहे, तिच्या उशाशी ठेवायले. आजच केलं. हात कापतात आता, पण कमळ उभं राह्यलं. खाली माझं नाव लिहिलं, चांगलं मोठ्या अक्षरात.

चिकटवायले काय वापरलं, ते सांगत नाही.

श्रद्धांजली घ्या, जाऊबाई. उघडायच्या आधी हालवून पाहा.