माझ्या फोनातले दोन नंबर

माझी लेक मुदखेडला दिलती. जावई मारायचा. एकदा हात मोडला, तव्हा मी तिला लोह्याला घेऊन आले. तो हितंबी दारात येऊन शिव्या द्यायला लागला. मग तिला लातूरला धाडलं, शिकणाऱ्या पोरांच्या मेसमधी पोळ्या लाटायला. कुठं हाय ते कुनाला कळू दिलं न्हाई.

तिनं नंबर नवा घेतला. लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर बोटानं बायकोचं नवं नाव लिहितो. तिनं ते नाव टाकून दिलं, माहेरचं लावलं. फोनात व्हिडिओच्या ॲपवर खातं खोललं तेबी त्याच नावानं, फोटोत तोंडाच्या जागी जास्वंदीचं फूल. आमाला वाटलं, आता कुठला हुडकतोय.

एक दिस तो मेसच्या फाटकात हुबा. मालकीणबाई म्हनली, "कुनी पत्ता दिला रं तुला?"

"म्या कुठं हुडकली? फोननंच दाखवली. हिला वळखता का, म्हनला."

खात्यावर पोळ्यांचा व्हिडिओ व्हता, मागं मेसची पाटी. बायांनी लाटणी घेऊन त्याला हाकलला. पर त्यानं ठिकाण बघितलं ते बघितलंच.

माझा भाचा म्हनला, "मावशे, तुझ्या फोनात दोघांचेबी नंबर हायेत. भजनं बघायला तूबी तेच ॲप घेतलंस, त्यानं तुझे समदे नंबर उचलले असतील. त्यावरून दोघं वळखीचे धरून तिचं खातं त्याला दाखवलं."

जावयाचा नंबर ठेवला व्हता, त्याचा फोन वळखून उचलू नये म्हनून. ॲपनं इंग्रजीत काय इचारलं मला वाचता येईना. होय दाबल्याबिगर पुढं जातच नव्हतं.

भाच्यानं कंपनीला कळवलं. उत्तर आलं, समदं नियमातच हाय. पोलीस ठाण्यात गेलो. जावयाचं लिहून घेतलं.

"कंपनीचंबी लिहा," मी म्हनलं.

"आजी, कंपनीनं काय मारलं का तुमच्या लेकीला?"

"मारनाऱ्याला घर दाखवलं न्हवं?"

साहेब हसला. लिहिलं न्हाई.

लेकीनं लातूर सोडलं. कुठं गेली, ठाव न्हाई. मीच म्हनलं, मला सांगू नको. आता गिरणीवाल्याच्या फोनवर बोलती, तेबी दुसऱ्या कुनाच्या फोनावरून. जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. बोलताना तिच्या मागून रेल्वेचा भोंगा आला की माझं मन गाव हुडकाया लागतं. मग मीच मोठ्यानं बोलत ऱ्हाते, पाण्याचं, म्हशीचं, कायबी, म्हंजे ते ऐकू येऊ नये.