कोर्टात गेलेल्या चौदा जणी

चूक माझीच होती, आणि ती मी अगदी वळणदार अक्षरात केली होती. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत कारकून होतो. सकाळी ऑफिसला जाण्याआधी आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या फळ्यावर खडूने बातम्या लिहीत असे. चहा पिणारे, बाजाराला निघालेले शेतकरी, शाळेच्या पोरी थांबून वाचत. अक्षराचं कौतुक होई. मला ते फार आवडे.

एका सकाळी ओळखीच्या पोलीस शिपायाने ठाण्यातली बातमी सांगितली. एका मुलीवर बलात्कार झाला होता, आरोपी पकडला गेला होता. अशा मुलीचं नाव जाहीर करायचं नाही, हा कायदा दोन-तीन वर्षांपूर्वीच आला होता आणि मला तो माहीत होता. म्हणून मी नाव लिहिलं नाही. तिचं गाव लिहिलं, वडिलांचा धंदा लिहिला, ती कुणाच्या वखारीत संत्र्याच्या पेट्या भरायला येते तेही लिहिलं. गाव कोणतं ते आज इथे लिहिणार नाही. तेव्हा मात्र खाली ठसठशीत रेघ मारून, कायदा पाळल्याच्या समाधानात ऑफिसला गेलो.

संध्याकाळी त्या वखारीतली मुकादमीण फळ्यापुढे उभी होती. तिला धरून चौदा बाया तिथे पेट्या भरत.

"भाऊ, नाव तं नाही लिवलं तुमी," ती म्हणाली. "पन पत्ता असा लिवला का पोस्टमन डोये झाकून जाईन."

मी कायद्याचं सांगू लागलो. तिने पदराने फळा पुसून टाकला.

"कायदा ठेवा खिशात. पोरगी म्हनते, मी साक्ष द्यायले जात नाही. सारं गाव कोर्टात पाहाले येईन म्हनते. तिनं साक्ष नाही देली तं तो सुटून जाईन. समजलं?"

समजलं. माफी मागायची हे मी तिथेच ठरवलं, पण मागायची कुणाची? मुलीला मी कधी पाहिलं नव्हतं. ती कोणती, असं विचारत फिरणं म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा करणं. त्यानंतर तीन महिने मी फळ्यावर फक्त नळाच्या वेळा आणि बाजारभाव लिहिले.

मग एक दिवस मुकादमिणीचा निरोप आला. "अक्षर चांगलं हाये ना तुमचं? मंग कामी आना." खटला जिथे चालणार होता त्या सौंसरच्या एका वकिलाने तिला सगळं समजावलं होतं. नुसतं नाव नाही, ओळख पटेल असं काहीच जाहीर करायला कायद्याने मनाई आहे. साक्ष बंद दाराआड होते. कोर्टाच्या दारात नावाने पुकारा होऊ नये, असा अर्जही करता येतो. मी तो अर्ज कोर्टाच्या भाषेत, हिंदीत लिहिला आणि नावाची जागा कोरी सोडली. ती जागा ज्या हाताने भरायची, त्यानेच भरली.

पण कोर्टाचं अंगण तर उघडंच होतं. त्यावरची तोड वखारीतल्या बायांनी काढली. संत्र्याचा व्यापारी दर दिवाळीला सगळ्यांना एकाच ताग्यातल्या साड्या द्यायचा. त्या साली वांगी रंग आणि पिवळे काठ होते, आणि बायांनी त्या रंगाला मनसोक्त नावं ठेवली होती. साक्षीच्या दिवशी चौदाही जणी त्याच साड्या नेसून, पदर नाकापर्यंत ओढून सौंसरच्या बसमध्ये चढल्या. डबे उचलायला मला घेतलं होतं.

"काहो बाई," कंडक्टर म्हणाला, "मी तिकीट फाडून राहिलो, अन् तेच बाई पुन्हा पुन्हा समोर येऊन राहिली!"

कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली आठ-दहा बघे आधीच येऊन बसले होते.

"यातली कोन व्हय बे?"

"तिसरी. पाह्य ना कशी चालते."

"तिसरी तं बुढी हाये!"

"बुढी असन तुयी सासू," तिसऱ्या पदराआडून आवाज आला, आणि चौदा पदर हलायला लागले.

कोर्टाच्या शिपायाने अर्जाप्रमाणे नाव न घेता फक्त खटल्याचा नंबर पुकारला. चौदाही जणी उठल्या.

"अरे, सब की सब?"

"हाव," मुकादमीण म्हणाली. "आमाले एकटीनं जायाची सवय नाही."

सगळ्या आतल्या वऱ्हांड्यात गेल्या आणि दार लागलं. तिथून पुढे न्यायाधीशांसमोर कोण गेली, ते अंगणातल्या कुणालाच कळलं नाही. मलाही नाही. बऱ्याच वेळाने चौदा जणी बाहेर आल्या. मुकादमिणीने माझ्याकडे बघून मान हलवली. साक्ष पूर्ण झाली होती. त्याच साक्षीवर पुढे त्या माणसाला शिक्षा झाली.

परतीच्या बसमध्ये आलुबोंड्यांचे पुडे फिरले, गाणी सुरू झाली, पदर खांद्यावर आले. जामसांवलीच्या फाट्यावर तिथल्या देवळात दर्शन करून आलेली मंडळी चढली. त्यातल्या एका आजीने विचारलं, "काहो, हे वऱ्हाड कुठचं?"

"सौंसरचं, आजी. नवरदेव कोर्टातच ठेवून आलो!"

बस हसण्याने दणाणली. त्या आनंदात मला वाटलं, माफी मागायची हीच वेळ. मी दांडीला धरून उभा राहिलो आणि तोंड उघडलं. मुकादमिणीने सदरा ओढून मला खाली बसवलं.

"लोकायसमोर पुन्हा फळा लिवता का?" ती कानाशी म्हणाली.

सुधारायला निघालेला माणूसही किती सहज चुकतो!

पांढुर्ण्याला उतरून सगळ्या थेट वखारीत गेल्या. दुसऱ्या दिवशीचा माल भरायचा होता. मुकादमिणीने दाराला आतून कडी घातली. तणस अंथरलेल्या पेट्यांमध्ये चौदा जणी हात चालवत बसल्या.

"बोला आता भाऊ," त्यांतली एक म्हणाली. "लवकर बोला, संत्री सडून राहिली."

पुन्हा हसू झालं. कोण बोललं ते मी पाहिलं नाही. नजर खाली ठेवून म्हणालो,

"तुमच्यातली कोन, हे मले माहीत नाही, अन् मी कधी विचारनार नाही. म्हनून साऱ्याईलेच म्हनतो. जे सांगाचा हक्क तुमचा होता, ते मी न विचारता चौकात लिवलं. नाव गाळलं म्हनून सोताले शहाना समजलो. मी चुकलो. मले माफ करा."