मधला सिनेमा

बॅटरीवाली म्हणत तिला सगळे. थिएटरात अंधार झाला की बॅटरीचा उजेड जमिनीवर पाडत माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत नेऊन सोडायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं केलं. उजेड कधी कुणाच्या तोंडावर पाडला नाही. अंधारात माणूस कसलं तोंड करून बसलाय ते आपण बघू नये, असं तिचं म्हणणं.

सिनेमे तिने शेकड्याने पाहिले, पण पुरता एकही नाही. सुरुवातीची वीस मिनिटं उशिरा येणाऱ्यांना बसवताना दिसायची, आणि शेवटची दहा मिनिटं, दारं उघडायला परत यायची तेव्हा. मधलं काय ते देव जाणे. मधल्या वेळात ती घरी पळायची.

घर दहा मिनिटांवर. घरी थोरली बहीण, ताई. ताई एके काळी शाळेत गणित शिकवायची. मग तिचं मन आजारी पडलं ते पडलंच. कधी चार-चार दिवस पलंगावरून उठायची नाही, आणि उठली की चालत सुटायची. एकदा भर रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध उभी सापडली. त्या दिवसापासून बॅटरीवाली निघताना बाहेरून कडी लावायला लागली. दुपारी धापा टाकत यायचं, कडी काढायची, ताट वाढायचं, "जेव हं ताई" म्हणायचं, कडी लावायची, की पुन्हा पळ. थिएटरात कुणी विचारलं तर सांगायची, ताई भावाकडे असते. भाऊ असता तर ना!

अशात दुपारच्या खेळाला एक सिनेमा लागला. मनाने आजारी पडलेल्या एका बाईचा. मारामारी नाही, नाच नाही, मध्यंतरसुद्धा नाही.

"चार दिवसांत गाशा गुंडाळणार हा," कँटीनवाला म्हणाला. "आपलंच रडं थोडं आहे का, की दुसऱ्याचं विकत घ्यायचं?"

पण तो सिनेमा टिकला. माणसं थोडी, पण तीच ती पुन्हा यायची. येताना खांदे पडलेले, जाताना डोळे पुसत, पण चाल मोकळी. एक नर्सबाई तर पाचव्यांदा आली.

"अहो, एवढं काय आहे त्यात?" बॅटरीवालीने न राहवून विचारलं.

"माझा मुलगा असाच आहे हो," नर्सबाई म्हणाली. "बाहेर कुणाला सांगता येत नाही. इथे दोन तास बसलं की वाटतं, कुणाला तरी माहीत आहे."

बॅटरीवालीच्या मनात ते रुतून बसलं. सुरुवात तिने पाहिलीच होती, ती बाई खिडकीशी बसून असते. शेवटही पाहिला होता, बाई स्वतःच्या हाताने केस विंचरते आणि हसते. ताईला दाखवावा, असं तिने ठरवलं.

ताईला न्हाऊ घालून, इस्त्रीची साडी नेसवून तिने मागच्या दाराने थिएटरात आणलं. मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. माणसं बसवून झाली आणि तिच्या लक्षात आलं, आज घरी पळायचं नाही! ती कँटीनमध्ये जाऊन बसली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिने गरम चहा गरम असताना प्यायला. वर आणखी एक घेतला.

घरी जाताना ताई म्हणाली, "त्या बाईलापण कडी लावतात."

"कुठल्या बाईला?"

"सिनेमातल्या. तिची बहीण लावते, बाहेरून. कडी लावून दाराला डोकं टेकून उभी राहते, खूप वेळ. आतल्या बाईला ते कळत नाही." ताईने तिच्याकडे पाहिलं. "तू राहतेस का गं उभी?"

बॅटरीवालीच्या पोटातले दोन चहा आतल्या आत कडू झाले.

"हो," ती म्हणाली.

खोटं बोलली. रात्रभर ते 'हो' तिला टोचत राहिलं. सकाळी कामाला निघताना हात सवयीने कडीकडे गेला, तो तिने मागे घेतला. दार नुसतं ओढून घेतलं. "ताई, मी दुपारी येते. बाहेर जाऊ नकोस गं, तुझ्या पाया पडते."

त्या दुपारी तिने दोघा जणांना चुकीच्या खुर्चीवर बसवलं. वीस मिनिटं संपली तशी धावत सुटली. घरी पोचते तर दार सताड उघडं आणि पलंग रिकामा. तिने मोठा रस्ता पालथा घातला, भाजीवालीला विचारलं, बसथांब्यावर विचारलं. स्वतःला शिव्या घालत, आता मॅनेजरलाच सांगावं म्हणून रडत थिएटरकडे आली.

ताई थिएटरच्या पायरीवर बसली होती. साडी उलटी नेसलेली, पायात दोन वेगळ्या चपला.

"मघापासून बसल्यात," डोअरकीपर म्हणाला. "तिकीट नाही म्हणून मी सोडलं नाही. तुझं नाव सांगतात. कोण गं या?"

"माझी बहीण," बॅटरीवाली म्हणाली. "घरीच असते. माझ्याकडे."

"आणि तो भाऊ?"

"भाऊबिऊ कुणी नाही. सोड आत."

ताई उठली. "सुरुवात गेली असेल ना? जाऊ दे. मला मधलंच बघायचंय. तूपण बस."

दोघी मागच्या रांगेत बसल्या. बॅटरीवालीने बॅटरी विझवून मांडीवर ठेवली. पडद्यावर धाकट्या बहिणीने दार ओढलं, कडी घातली आणि दाराला कपाळ टेकून ती उभी राहिली. संपता संपेना ते उभं राहणं. बॅटरीवालीला वाटलं, आता कुणीतरी येऊन हे थांबवावं.

"ताई," ती कुजबुजली, "मी नव्हते गं राहत उभी. कडी लावली की पळायचे."

"माहितीये," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "चपलांचा आवाज यायचा."

बॅटरीवालीला हुंदका आवरेना. पुढच्या रांगेतली नर्सबाई वळून बघायला लागली.

"गप," ताई म्हणाली. "बघू दे."