लाड बाजारात बांगड्या भरल्या त्याची गोष्ट

पोरानं फोनवरच आमची हैदराबादची सहल ठरवून टाकली. एक बस, एक दिवस आणि सगळं शहर दाखवणारी एक गाईड पोरगी. मी म्हणलं, "आपला सगळा मुलूख हैदराबादच्या राज्यात होता. माझ्या बापानं ते राज्य पाहिलंय. मला काय दाखवून राहिले हे?"

पण बायकोनं तोवर पिशवी भरली होती. तिला किल्ला पाहायचा नव्हता, राजवाडा पाहायचा नव्हता. नवं लग्न झालं तेव्हा मी बोलून गेलो होतो, तुला हैदराबादच्या लाखेच्या बांगड्या भरीन म्हणून. तेवढ्यासाठी ती कुरुंद्याहून निघाली होती.

सकाळी राजवाड्यात गाईड माईकवर निजामाचं सांगू लागली. एक गोष्ट मला पटली न्हाई. मी तिथंच उभा राहून खरं काय ते सांगायला लागलो. ती म्हणाली, "बाबाजी, आप बाद में बताइए, टाइम नहीं है." अर्धी बस हसली. मी ठरवलं, या पोरीशी आता एक अक्षर बोलायचं न्हाई.

बायको म्हणाली, "नका बोलू. तिच्या डोक्याची तकलीफ तरी वाचंल."

दुपारून चारमिनारला उतरलो. गाईडनं बजावलं, अर्ध्या तासात परत या, पुढं म्युझियम बंद होतं. जो उशीर करंल त्यानं रिक्षानं यायचं, बस थांबणार न्हाई.

आमी तडक लाड बाजार गाठला. बांगड्या झटक्यात पसंत पडल्या. लाल, वर चमकते खडे. दुकानदार त्या डबीत घालू लागला, तर ही स्टुलावर बसली आन् दोन्ही हात पुढं केले.

"अम्मा, पॅक करके देतूं ना. घर जाके पहन लेव."

"घरी कोण भरंल? तुमी भरा."

आमच्याकडं बाई आपल्या हातानं बांगड्या चढवत न्हाई. कासार अंगणात येतो, हात दाबून-दाबून मऊ करतो, एक-एक बांगडी सरकवतो. बाई मग बांगड्यांना पदर लावून नमस्कार करते, तेव्हा कुठं त्या भरल्या म्हणायच्या. डबीतून घरी नेल्या तर ते नुसतं सामान. दुकानदाराला यातलं काही उमजेना. मी म्हणलं, "मियां, ये नई उठती. मैं चालीस साल से देखतूं. भर दो."

तो हसला आन् आतून आपल्या म्हाताऱ्या बापाला बोलावलं. म्हातारा चष्मा शोधू लागला.

इकडं वेळ संपत आलेली. बायकोच्या हातांची हाडं शेतात काम करून रुंद झालेली, दुकानदारानं घालून पाहिली तर बांगडी अंगठ्यापाशीच अडून बसली. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "अवं, त्या पोरीला सांगा की जरा थांब म्हणून."

"मी? मी न्हाई बोलत तिच्याशी."

"बरं. मंग बस जाऊ द्या. मी हितंच राहते, भरून झाल्यावर पायी येते कुरुंद्याला."

ही येईल बी, सांगता येत न्हाई. मी टोपी नीट केली आन् निघालो.

गाईड चारमिनारच्या सावलीत झेंडी धरून माणसं मोजत होती. मी तिच्यापुढं उभा राहिलो. टोपी काढली, परत घातली. शेवटी म्हणलं, "बेटी, मेरी घरवाली बांगड्या भर रही. थोडा ठहर जाव."

वाटलं, आता सकाळचा वचपा काढंल. ती म्हणाली, "हाथ से पहना रहे हैं? कहाँ?" हे ऐकून बसमधल्या चार बायका आमच्यामागं निघाल्या. दुकानात जाऊन पाहतो तर म्हाताऱ्याला आता चष्मा सापडला होता आन् हिचा एक हात भरून झाला होता. बाकीच्या रांगेत बसल्या. गाईडनं पण हातातली झेंडी माझ्याकडं दिली आन् स्टूल ओढलं.

मी झेंडी धरून दुकानाबाहेर उभा. म्युझियम तर गेलंच. बसमधले पुरुष एकेक करत येऊन माझ्याभोवती तोंडं पाडून थांबले. तेवढ्यात एका परक्या जोडप्यानं मला विचारलं, "अंकल, ये चारमिनार किसने बनाया?"

मी घसा साफ केला.

पुष्कळ वेळानं बायको बाहेर आली. दोन्ही मनगटं भरलेली, पदर लावून नमस्कार झालेला.

"चला की. गाडी थांबलीय. काहून उभे राहिले?"

मी म्हणलं, "थांब जरा. लोकं ऐकून राहिलेत."